अध्याय १८, श्लोक ६७ : देवसुद्धा सगळ्यांना सगळं सांगत नाही



आपलं रोजचं वाचन आता अठराव्या अध्यायाच्या टोकाशी आलंय. आजचा श्लोक ६७ वा. गीता इथं जवळजवळ संपलेली असते. अर्जुनाला सांगायचं ते सांगून झालंय, सगळं सोडून मला शरण ये हे शेवटचं आश्वासनही देऊन झालंय. आणि त्यानंतर लगेच कृष्ण एक वेगळीच सूचना करतो. हे कोणाला सांगायचं नाही, याची. ज्याच्या अंगी तप नाही त्याला नाही, ज्याच्याकडे भक्ती नाही त्याला नाही, ज्याला ऐकायचंच नाही त्याला नाही, आणि जो माझ्याबद्दल मत्सर धरून बसलाय त्याला तर नाहीच.

हा श्लोक पुष्कळांना खटकतो. ज्ञान आहे, मग सगळ्यांना का नाही? आणि आपण तर मराठी माणसं. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली ती कोणालाही दाराबाहेर उभं राहावं लागू नये म्हणूनच. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, म्हणून विनोबांनी १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहिली. असं असताना देवाच्या तोंडी ही अट कशी?

मला यात ज्ञान लपवून ठेवायची भाषा दिसत नाही. ऐकणाऱ्याकडे बघून बोल, एवढंच दिसतं. मी दिवसभर ज्या कामात असतो त्यात हा प्रश्न शंभर वेळा येतो. कुठलीही माहिती साठवायची म्हटली की आम्ही 'ही काय आहे' एवढंच लिहून थांबत नाही. 'ही कोणाला दिसेल' हेही लिहावं लागतं. ते लिहायचं राहिलं तर माहिती कितीही निरुपद्रवी असो, सिस्टीम कच्ची. कृष्णाने सातशे श्लोकांच्या शेवटी परवानग्यांचा तक्ता लावलाय, असं मी मित्रांना गमतीने सांगतो. पण गंमत सोडा, मुद्दा तोच आहे.

आणि चारच श्लोक मागे जा, ६३ व्या श्लोकाकडे. तिथे देव म्हणतो की गुप्तांतलं गुप्त तुला सांगितलंय, आता यावर नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. साक्षात भगवंत समोर आहे, रथ हातात आहे, युद्ध अंगावर आलंय, आणि तरीही निर्णय अर्जुनाचा. संमती या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही कंपनीच्या चाळीस पानी अटींपेक्षा या एका जागी जास्त कळतो.

हे सगळं आज इतक्या तपशिलात लिहायला कारण आहे.

सावंगी (मेघे) हे गाव तुमच्यापैकी विदर्भातल्यांना माहीत असेलच. वर्ध्याला लागून, यवतमाळ रोडवर. (आमच्याकडे गावांच्या नावापुढे मेघे लागतं: सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे. पुण्यातल्या मित्रांना ते आडनाव वाटतं आणि मग मला दहा मिनिटं भूगोल शिकवावा लागतो.) तिथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. आसपासच्या खेड्यांत "सावंगीले नेलं" एवढं म्हटलं की गाव डोळ्यांपुढे येत नाही, दवाखाना येतो. पुढचा प्रश्न "काय झालं?" असाच असतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या नातवाला असंच सावंगीला नेलं. चार वर्षांचा पोरगा, हातपाय सुजलेले, वेदनेने रात्रभर रडत होता. तपासणीत सिकलसेल निघाला. विदर्भात हा आजार नवा नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. वाहक माणूस स्वतः सहसा ठणठणीत असतो, त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यामुळे डॉक्टर घरातल्या इतरांनाही तपासून घ्यायला सांगतात. पोराचे आईबाप वाहक निघाले. बापाची धाकटी बहीण, म्हणजे माझी आतेबहीण, तीही वाहक निघाली. तिचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं.

पुढचं मी तिला विचारून लिहितोय. मसुदा आधी तिला पाठवला. तिने दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या. काही तपशील बदललेत.

घरातल्या एका मोठ्या माणसाने ते सगळे रिपोर्ट मोबाईलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. हेतू वाईट नव्हता. नात्यातले एक डॉक्टर नागपूरला असतात, त्यांनी बघून काही सांगावं, एवढंच. पण त्या ग्रुपवर १८० माणसं. प्रत्येक कागदावर नाव, वय, मोबाईल नंबर आणि खाली निष्कर्ष. संध्याकाळपर्यंत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, "लवकर बरे वाटो" आलं, दोघांनी आयुर्वेदिक काढा सुचवला. तीन आठवड्यांनी मुलाकडच्यांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच जुळली होती.

मी वर्ध्याला गेलो तेव्हा घरात यावरून दोन तट पडलेले. आत्या म्हणाली, "आपल्याच लोकाईत टाकलं ना बाप्पा, परक्याले कायले दाखवलं?" तिचं म्हणणं मला समजतं. तिच्या आयुष्यात 'आपले लोक' म्हणजे ओसरीवर बसलेली आठ-दहा माणसं. ओसरीवर बोललेलं ओसरीवर विरतं. तिच्या फोनमधला ग्रुप तिला ओसरीसारखाच वाटतो, कारण त्यात चेहरे तेच आहेत.

बहिणीचं बोलणं मात्र वेगळंच होतं. मला वाटलं होतं ती मोडलेल्या लग्नाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "दादा, मी सांगणारच होते ना त्यांना. रविवारी ते येणार होते. मी तर वाक्यं पाठ करून ठेवली होती. माझं सांगायचंच राहून गेलं."

माझं सांगायचंच राहून गेलं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खासगीपणाबद्दल मी आजवर जे काही तांत्रिक वाचलंय, त्यात हे इतकं नेमकं कुठे वाचलेलं आठवत नाही. तिला काही लपवायचं नव्हतंच. लपवणं चूकच झालं असतं. होणाऱ्या नवऱ्याला हे कळायलाच हवं, त्याचीही तपासणी व्हायला हवी, कारण उद्याच्या लेकरांचा प्रश्न आहे. म्हणजे माहिती सांगायची होती, एका माणसाला, ठरलेल्या दिवशी, तिच्या तोंडून. समोरचा गोंधळला असता तर तिने समजावलं असतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगितलं असतं. त्याऐवजी एक कागद फिरत फिरत त्याच्या घरी पोचला, आणि कागदाला काही विचारता येत नाही.

आपल्याकडे 'षट्कर्णी होणे' असा शब्दप्रयोग आहे. दोघांतली गोष्ट चार कानांत असते. तिसरा आला की सहा कान, आणि मग ती गोष्ट गुप्त राहिली नाही असं समजायचं. शब्द तयार करणाऱ्याला सहा कान हीच हद्द वाटली होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आज १,०२४ माणसं बसतात.

इथे कोणीतरी म्हणेल, व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड आहे. आहे, २०१६ पासून सगळ्यांसाठी आहे, आणि ते एन्क्रिप्शन चांगल्या दर्जाचंही आहे. पण ते रस्त्यासाठी आहे. पत्र पाकिटात बंद करून पाठवलं तर पोस्टमनला वाचता येत नाही, एवढंच त्याचं काम. पत्र उघडल्यावर घरातल्यांनी ते कोणाला दाखवावं, हे पाकीट ठरवू शकत नाही. १८० फोनांपैकी कित्येकांत फोटो आपोआप गॅलरीत उतरतो. गॅलरीचा बॅकअप क्लाउडवर जातो. गॅलरी बघायची परवानगी आपण फोटो सुंदर करणाऱ्या ॲपला कधीतरी दिलेली असते. आणि आता तर फोटोतली अक्षरंही मशीनला वाचता येतात, नाव टाकून शोधलं की कागद वर येतो. 'डिलीट फॉर एव्हरीवन' ठरावीक मुदतीतच चालतं, आणि ज्याने फोटो आधीच जपून ठेवला त्याच्या फोनमध्ये शिरून ते पुसत नाही.

आता भक्तांच्या मनातल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला आपल्या सत्संगात दोनदा विचारला गेलाय. देव सगळं बघतोच. अंतर्यामी आहे. मग ज्याचं मन स्वच्छ आहे त्याने कोणापासून काय लपवायचं? खासगीपणाचा एवढा आग्रह धरणं हेच देहबुद्धीचं लक्षण नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर शोधायला मी गीतेकडेच गेलो. नवव्या अध्यायाच्या १८ व्या श्लोकात देव स्वतःची ओळख करून देतो. त्यात तो साक्षी आहे असं म्हणतो, आणि त्याच दमात निवास, शरण जायची जागा आणि सुहृद असंही म्हणतो. सुहृद म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता भलं चिंतणारा. म्हणजे जो सगळं बघतो तोच आसराही देतो. देवाच्या बघण्याची भीती का वाटत नाही, याचं कारण या शब्दांच्या शेजारात आहे. तो बघतो आणि कोणाला सांगत सुटत नाही. दहाव्या अध्यायात विभूती सांगताना तर तो म्हणतो की गुप्त गोष्टींमध्ये मी मौन आहे. सर्वज्ञ आहे तोच मौन आहे!

आता याच्या शेजारी आपल्या फोनमधला साक्षी ठेवून बघा. तोही रात्रंदिवस जागा असतो. तुम्ही कुठे गेलात, कोणता फोटो किती सेकंद बघितलात, कोणाशी बोलणं थांबवलंत, सगळं त्याच्या नोंदीत. पण तो सुहृद नाही. त्याचं बघणं जाहिरातीच्या दरावर चालतं. इथे कोणी चित्रगुप्ताचं नाव काढतं, की वही तर त्याच्याकडेही आहे. आहे ना. पण चित्रगुप्ताने ती वही कोणाला विकल्याची कथा मी अजून ऐकलेली नाही, आणि त्याच्या नावातच 'गुप्त' आहे.

म्हणून 'देव बघतो' यावरून 'सगळ्यांनी बघितलं तरी चालेल' असा निष्कर्ष निघत नाही. देवापुढे उघडं असणं म्हणजे भक्ती. बाजारापुढे उघडं असण्याला भक्ती म्हणता येत नाही. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे, १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते सुरू झालेलं. गीताईचे अठरा अध्याय ग्रॅनाइटच्या शिळांवर कोरलेत. मूर्ती नाही, छप्पर नाही. त्या शिळांच्याच भिंती आहेत. वर आभाळ मोकळं. मला ते मंदिर आवडतं त्याचं एक कारण हेही असावं.

"माझ्याकडे लपवायला काही नाही" या वाक्यात आणखी एक खोट आहे. ते गृहीत धरतं की खासगीपणा चारित्र्यवान माणसाला नको असतो आणि चारित्र्यहीन माणसाला मिळू नये. आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये याचं उत्तर दिलेलं आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध मधुकर मर्डीकर. एक पोलीस इन्स्पेक्टर एका बाईच्या झोपडीत शिरला आणि तिने विरोध केला. त्याला नोकरीतून काढलं. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देताना त्या बाईच्या चालचलणुकीकडे बोट दाखवलं. असल्या बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याचं आयुष्य का उद्ध्वस्त करायचं, असा सूर. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. बाई कशीही असो, तिच्या घरात कोणीही वाटेल तेव्हा घुसू शकत नाही, तिलाही खासगीपणा आहे, असं म्हटलं. म्हणजे हा हक्क चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून मिळत नाही. माणूस आहे म्हणून तो असतो. 'समं सर्वेषु' म्हणणाऱ्या धर्माला हे पटायला अडचण नसावी.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या नवांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांचं स्वतंत्र निकालपत्र तरुण भक्तांनी जरूर वाचावं असं मला वाटतं, कारण खासगीपणा हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. गृह्यसूत्रांत घर कसं बांधावं हे सांगताना धर्मकृत्य, वेदाध्ययन आणि जेवण यांच्या वेळी आतल्या माणसांना आडोसा मिळावा याचा विचार केलाय, आणि मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्रात मनाई आहे, हे त्यांनी नोंदवलंय. पूजा, अभ्यास आणि जेवण! आज आपण नेमक्या याच तीन गोष्टी स्टोरीला टाकतो.

बरं, हे झालं स्वतःचं. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न स्वतःच्या माहितीचा नाहीच. माझा वाढदिवस, माझं जेवण, माझा वारीतला फोटो मी टाकला; त्याचं बरंवाईट माझ्या डोक्यावर. प्रश्न आहे तो आपण दुसऱ्याच्या वतीने 'हो' म्हणतो तेव्हाचा.

केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक ॲप होतं. ते घेणाऱ्याने परवानगी दिली की त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपकडे जायची. तेव्हाची रचनाच तशी होती. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने जे आकडे दिले, त्यात जगभरात ८.७ कोटी लोकांपर्यंतची माहिती गेली असण्याची शक्यता सांगितली होती. भारतापुरता आकडा बघा. ॲप घेणारे होते ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता असलेले होते ५,६२,४५५. भागाकार करा. एकेका माणसाच्या गंमत म्हणून दाबलेल्या 'अलाऊ' मागे जवळपास १,६७८ माणसं होती, आणि त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्या ३३५ जणांपैकी प्रत्येकजण मनापासून म्हणू शकला असता की माझ्याकडे लपवायला काही नाही.

आपली माहिती कधी एकट्याची नसतेच. माझ्या फोनबुकात तुमचा नंबर आहे. माझ्या रक्तात माझ्या भावंडांच्या रक्ताची बातमी आहे. सिकलसेलचा रिपोर्ट तर याचं शब्दशः उदाहरण. पोराचा कागद दिसला की आईबापांबद्दल कळतं, आणि त्याच्या काका-आत्यांबद्दल शंका सुरू होते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितलेत. अभय, सत्य, अहिंसा यांवर आपण भरभरून बोलतो. त्याच यादीत दुसऱ्या श्लोकात 'अपैशुन' आहे, त्यावर प्रवचन फारसं होत नाही. पैशुन म्हणजे चहाडी, असा सोपा अर्थ आपण घेतो आणि चहाडी म्हणजे खोटंनाटं सांगणं असं समजतो. शंकराचार्यांचं भाष्य नीट बघा. एकाचं छिद्र दुसऱ्यापुढे उघडं करणं याला ते पैशुन म्हणतात. खरं-खोटं हा मुद्दाच त्यात नाही. छिद्र खरंच असतं, म्हणून तर ते उघडं केल्यावर लागतं. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमधलं प्रत्येक अक्षर खरं होतं. 'सत्य' नावाचा गुण आणि 'अपैशुन' नावाचा गुण देवाने एकाच श्लोकात शेजारी ठेवलेत, आणि एकाचा आधार घेऊन दुसरा मोडता येत नाही, असं मी त्यावरून समजतो.

कायदा इथे काय करतो? २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. मी कामासाठी तो ओळीन् ओळ वाचलाय. कंपन्यांनी संमती कशी घ्यावी, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई, हे सगळं त्यात आहे आणि ते हवंच होतं. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू होत नाही. माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीलाही नाही. मला ही सूट योग्य वाटते. आत्याच्या ग्रुपवर सरकारी निरीक्षक यावा असं कोण म्हणेल? पण याचा अर्थ असा की नातेवाइकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आपल्या भजनी मंडळाचा ग्रुप, इथे कायदा उंबरठ्यावरच थांबतो. आत फक्त आपली बुद्धी.

याच्या उलट बाजूने माझ्याशी जो वाद घालतो तो माझा एक मित्र सेवाग्रामचा. त्याचं म्हणणं, बापूंनी आयुष्यभर गुप्ततेला विरोध केला, चळवळीतसुद्धा गुपितं नकोत म्हणाले, स्वतःचं आयुष्य उघड्या पुस्तकासारखं ठेवलं. आणि तू त्याच जिल्ह्यातला असून पडदे लावायला शिकवतोस! वजनदार आक्षेप आहे. पण गांधींनी उघडं केलं ते स्वतःला, आणि स्वतःच्या हाताने. विनोबांनी १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली, तीही स्वतःची. दुसऱ्या कोणाची प्रमाणपत्रं त्यांनी जाळली असती तर आपण त्याला वैराग्य म्हटलं नसतं. आणि खरं सांगू का, गांधींचं आत्मचरित्र 'नवजीवन'मध्ये १९२५ पासून क्रमशः येत होतं, त्यात कस्तुरबांशी झालेली भांडणं आहेत. दरबानच्या घरातला मैल्याच्या भांड्यावरून झालेला तो प्रसंग वाचताना त्यांचा प्रामाणिकपणा थक्क करतो. पण तोच प्रसंग बांनी स्वतः कसा सांगितला असता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मित्राला हे पटलेलं नाही. वाद चालू आहे.

सगळ्यात अवघड जागा मात्र मदतीच्या आवाहनांची आहे, आणि तिथे माझंही उत्तर पक्कं नाही. दवाखान्यात पैसे कमी पडतात, हे वास्तव आहे. नळ्या लावलेल्या लेकराचा फोटो टाकला की मदत येते. नुसतं "एका गरजू रुग्णाला" असं लिहिलं की येत नाही. कोणी म्हणेल फोटो टाकू नका, तर त्याने आधी खिशात हात घालावा. तरीही तो फोटो लेकरू मोठं झाल्यावरही राहणार आहे. बरं होऊन, शिकून, नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्याच्या नावावर तोच फोटो निघणार आहे. आमच्या मंडळात गेल्या महिन्यापासून आम्ही एवढं ठरवलं: आवाहन करायचं तर घरच्यांना, आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेल तर त्यालाच, आधी विचारायचं. चेहरा आणि रिपोर्ट टाकायचा नाही. मंडळातल्या दोघांनी प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची आणि त्यांच्या शब्दावर बाकीच्यांनी पैसे द्यायचे. पहिल्या आवाहनाला पूर्वीपेक्षा पैसे कमी जमले. दोघांना पुन्हा फोन फिरवावे लागले, मग जमले. हे दरवेळी जमेलच असं नाही. एखादं लेकरू फोटोवाचून अडलं तर काय, या प्रश्नावर मंडळात एकमत झालेलं नाही, आणि मी त्या दिवशी कोणत्या बाजूला असेन हे मला आज सांगता येत नाही.

आत्याचा नातू आता बरा आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, अंगणवाडीत दंगा करतो. आत्याने तो ग्रुप सोडलेला नाही, पण कोणाची तब्येत विचारायची असेल तर हल्ली फोन लावते. बहिणीसाठी स्थळं बघणं पुन्हा सुरू झालंय. ती आता पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी, स्वतः सांगते. एकाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तपासणी करून आला. पुढचं तिने लिहू नको म्हटलंय.

उद्या ६८ वा श्लोक. आज ज्याला सांगू नको म्हटलं, तेच गुह्य भक्तांना सांगणारा माझ्यापाशी येतो, असं देव उद्या म्हणणार आहे.

जय हरी.